पहिली शॉर्ट फिल्म, हातात २५ हजार, कोणता हँडीकॅम घेऊ?

तू लिहिलंयस की दोन वर्षं कॉलेजच्या एकांकिका केल्यात, आता मित्रांसोबत शॉर्ट फिल्म करायची आहे, बजेट २५ हजार, आणि दुकानदार ३० एक्स झूमवाला हँडीकॅम गळ्यात मारतोय, तर घेऊ का. सरळ सांगतो, माईक लावायला जॅक नसेल तर घेऊ नको, झूम कितीही असू दे.

आमची पहिली फिल्म लालबागला मित्राच्या आजीच्या खोलीत शूट केली. दहा बाय बाराची खोली, बाहेर गॅलरी. आजींना कॅमेऱ्याची सवय नाही तरी दोन तास न कंटाळता बसल्या, आणि शेवटी नातू दारातून निघताना "थांब, भाकरी बांधून देते" हे इतकं सहज बोलून गेल्या की आम्ही सगळे गप्पच झालो. रात्री लॅपटॉपवर लावलं तर वाक्य ऐकूच येईना, नुसती पंख्याची घरघर. माईक कॅमेऱ्यातलाच, आजींपासून आठ फुटांवर, वर पंखा, त्यात साउंड ऑटोवर, म्हणजे माणूस बोलायचा थांबला की कॅमेरा आपणहून लेव्हल वाढवतो आणि मधल्या शांततेत पंखा चढत जातो. पुढच्या रविवारी परत गेलो, आजींनी तेच वाक्य पाच वेळा म्हटलं, पहिल्यासारखं एकदाही आलं नाही. चित्र थोडं अंधारं असलं तर लोक बघतात रे, संवाद कळला नाही की सोडून देतात.

म्हणून बघायचं ते हे, माईकचा जॅक, हेडफोनचा जॅक, आणि साउंड लेव्हल, फोकस, एक्स्पोजर (चित्र किती उजळ यायचं ते) हाताने सेट करता येतं का. एक्स्पोजर ऑटोवर असेल तर अ‍ॅक्टर गॅलरीतून खोलीत आला की अख्खी फ्रेम हळूहळू उजळत जाते, ते फार खटकतं. सोनीचा सीएक्स ४०५ घे उदाहरणाला, ३० एक्स ऑप्टिकल झूम, म्हणजे लेन्सनेच होणारा खरा झूम, हलका, फुल एचडी, घरच्या बारशाला छान, पण बाहेरचा माईक लावायची सोयच नाही आणि सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी चिप, अगदी बारीक, त्यामुळे कमी उजेडात चित्रात दाणे येतात. डिजिटल झूमच्या आकड्याकडे तर बघूच नको, तो नुसतं चित्र ताणतो.

अजून एक, कोणाचा काका अमेरिकेहून स्वस्तात कॅमेरा आणून देतो म्हणाला तर आधी चेक कर. तिकडचे बरेच हँडीकॅम सेकंदाला ३० किंवा ६० फ्रेमवरच (फ्रेम म्हणजे एकेक चित्र) चालतात, आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे साधी ट्यूबलाईट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, डोळ्याला दिसत नाही पण १/६० शटरला, म्हणजे प्रत्येक फ्रेम १/६० सेकंद उजेड घेते तेव्हा, चित्रात उजेड फडफडतो. आपल्याकडे २५ फ्रेम आणि १/५० शटर ठेवलं की विषय मिटतो. तसला कॅमेरा घरात असेलच तर निदान शटर १/५० किंवा १/१०० करता येतं का बघ.

२५ हजारात मी सेकंडहँड घेईन. सीएसएमटीसमोर बोरा बाजारात कॅमेऱ्याची दुकानं आहेत, तिथे स्वतःचा माईक, हेडफोन, कार्ड घेऊन जा, दुकानातच पाच मिनिटं रेकॉर्ड कर आणि तिथेच ऐक. मग मोबाईलचा टॉर्च तिरका धरून लेन्सच्या आत बघ. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले तर ती बुरशी, कितीही स्वस्त मिळाला तरी ठेवून दे, हँडीकॅमची लेन्स बदलता येत नाही. सगळे पैसे कॅमेऱ्यात घालू नको, १५-१६ हजारांत तो बसव, बाकीच्यात कॉलर माईक, पॅन करताना, म्हणजे कॅमेरा आडवा फिरवताना, झटके न देणारा ट्रायपॉड आणि एक जादा बॅटरी. घ्यायच्या आधी अंधेरीहून एक दिवस भाड्याने आणून बघितलास तर सगळ्यात बरं.

आणि जॅक नसलेला कॅमेरा कोणी फुकट देत असेल तर नाही म्हणू नको. कॉलर माईक मोबाईलला लाव, मोबाईल अ‍ॅक्टरच्या खिशात एअरप्लेन मोडवर, दोन्ही रेकॉर्डिंग सुरू झाली की कॅमेऱ्यासमोर एक टाळी, एडिटला टाळीवर टाळी बसवायची. चालतं, फक्त ४० शॉट असतील तर ४० वेळा जुळवत बसावं लागतं. पंखा बंद करायचाच, घाम पुसायला नॅपकिन ठेवा. स्टेशनवरचा सीन असेल तर रेल्वेची परवानगी लागते, ते स्क्रिप्ट लिहितानाच धरून चाल.

घेतलास की पावसाळ्यात तो कपाटात बॅगेत घालून ठेवू नको. घट्ट झाकणाचा डबा घे, त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाक, आणि आठवड्यातून एकदा बाहेर काढून थोडा वेळ चालव.