शिकवणी शोधण्याआधी भावाच्या वह्या उघड

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

धाकटा भाऊ नववीत, शाळा सेमी इंग्रजीची, घर नाशिकच्या सिडकोत आणि गणिताची शिकवणी हवी, एवढं तू कळवलंस. कोणता क्लास चांगला हे विचारण्याआधी त्याचं गणित कोणत्या इयत्तेत अडलं ते शोध. नववीत मागे पडलेल्या पुष्कळ मुलांची खरी अडचण सहावी-सातवीची असते. क्लास मात्र नववीच्या पहिल्या प्रकरणापासून सुरू होतो आणि पाया कच्चाच राहतो.

येत्या रविवारी त्याला आठ उदाहरणं घाल. वेळ पंचवीस मिनिटं, कॅल्क्युलेटर नाही. उणे ७ मधून उणे ३ वजा करणं, २/३ आणि ३/४ यांची बेरीज, ३/४ ला २/५ ने भागणं, २४० चे १५ टक्के, एका चलातलं साधं समीकरण, दोन पदांच्या बेरजेचा वर्गविस्तार, वर्ग त्रिपदीचे अवयव, आणि ६ व ८ सेंमी बाजूंच्या काटकोन त्रिकोणाचा कर्ण. पहिल्या चारांत अडला तर सहावी-सातवीचे अपूर्णांक आणि पूर्णांक आधी करावे लागतील. शेवटच्या चारांत अडला तर सातवी-आठवी. ती पुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात.

आठही बरोबर आली आणि तरी चाचणीत गुण नाहीत, तर भाषा तपास. इंग्रजीतला प्रश्न त्याला मोठ्याने वाचायला लाव आणि काय विचारलंय ते मराठीत सांगायला सांग. ‘कॉन्ग्रुअंट’ म्हणजे एकरूप आणि ‘सिमिलर’ म्हणजे समरूप, इथेच गल्लत असेल तर दोन्ही भाषांतले शब्द शेजारी लिहून घेणारा शिक्षक हवा. सेमीच्या मुलांमध्ये ही अडचण फार दिसते, आणि मुलगा कच्चा आहे असा शिक्का उगाच बसतो.

आता शोध. पायी पंधरा मिनिटांच्या आत बघ: पवननगर, उत्तमनगर, त्रिमूर्ती चौक. कॉलेज रोडला रिक्षाने जाण्या-येण्यात जो वेळ जाईल, तो सरावाचा असतो. शाळा सुटताना फाटकाशी उभ्या असलेल्या दहावीच्या पालकांना विचार. ‘क्लास कसा आहे?’ असं विचारू नकोस, सगळे चांगलाच म्हणतात. ‘मागच्या चाचणीनंतर सरांनी पेपर बघितला का? चुकलेलं पुन्हा करून घेतलं का?’ असं विचार. शाळेजवळच्या स्टेशनरीवाल्यालाही विचार, कोणत्या बॅचची मुलं कुठे जातात ते त्याला ठाऊक असतं. त्याच्याच शाळेतल्या शिक्षकांकडे मात्र लावू नकोस. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २८ नुसार शिक्षकांना खासगी शिकवणीला मनाई आहे. शिवाय अंतर्गत गुण ज्यांच्या हाती, त्यांच्याशी फीचा व्यवहार नसलेलाच बरा.

डेमोला, म्हणजे नमुन्याच्या तासाला, भावाची वही घेऊन जा आणि त्याचंच चुकलेलं उदाहरण समोर ठेव. सरांच्या तयारीतलं प्रकरण बघून काहीच कळत नाही. पेन कोणाच्या हातात आहे ते बघ. चाळीस मिनिटांपैकी निम्मा वेळ तरी मुलगा लिहीत असला पाहिजे. ‘समजलं का?’ यावर मान हलली की पुढे सरकणारे शिक्षक नकोत. तसंच दुसरं उदाहरण लगेच सोडवायला लावणारे हवेत. दहावीच्या पेपरबद्दलही विचार. राज्य मंडळात गणित भाग १ आणि भाग २ प्रत्येकी ४० गुणांचे, दोन-दोन तासांचे, आणि २० गुण अंतर्गत. चौकटी भरून कृती पूर्ण करण्याचे प्रश्न असतात, प्रमेयात प्रत्येक पायरीचं कारण लिहावं लागतं. फक्त सीबीएसईची मुलं शिकवणाऱ्यांकडून हे बऱ्याचदा सुटतं.

फी महिन्याचीच भर आणि तासाला किती पडते ते काढ. समजा बॅचची फी महिना १५०० रुपये, आठवड्याला सहा दिवस दीड तास, तर चार आठवड्यांचे ३६ तास, म्हणजे तासाला सुमारे ४२ रुपये. घरी येणाऱ्या शिक्षकांना महिन्याच्या १२ तासांचे ३६०० दिलेस तर तासाला ३००. आठ उदाहरणांत पाया कच्चा निघाला असेल तर हे महाग १२ तासच घे, कारण पंचवीस मुलांच्या बॅचमध्ये एकट्यासाठी सहावीचे अपूर्णांक कोणी काढत नाही. पाया भरला की चार-पाच महिन्यांनी बॅच चालेल.

वर्षाची फी एकदम भरल्यास सूट, हे ऐकून पाघळू नकोस. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत क्लास मध्येच सोडल्यास उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी असं आहे. पण त्या पन्नासपेक्षा जास्त मुलांच्या कोचिंगसाठी आहेत. गल्लीतल्या बॅचबाबत तुझ्या हातात पावती आणि लिहून घेतलेल्या अटी एवढंच राहतं. सर गैरहजर राहिले तर तास कधी भरून देणार, हेही त्यात लिहून घे. आयआयटी फाउंडेशनचा, म्हणजे शाळेपासूनच आयआयटी प्रवेशाच्या तयारीचा, आग्रह कोणी धरला तर उठून ये. अपूर्णांक अडलेल्या मुलाला त्याने आणखी धसका बसेल.

घरी शिकवणी असेल तर बसायची जागा पुढची खोली, दार उघडं, आणि घरात कोणी मोठं माणूस. आधीच्या दोन घरी फोन करून विचारल्याशिवाय होकार देऊ नकोस. सरांचे निरोप तुझ्या किंवा आईच्या फोनवर यावेत, भावाच्या नाही.

पहिला महिना जपायचा. दर रविवारी वही बघ. शाळेचा गृहपाठ सरच करून देत असतील तर वही सुंदर दिसेल आणि चाचणीत पान कोरं राहील. असं दिसलं की त्याच दिवशी बोल. तासाभराच्या शिकवणीमागे अर्धा तास एकट्याने पुस्तकातला सरावसंच सोडवला पाहिजे, सर किंवा तू शेजारी नसताना. चार आठवड्यांनी तीच आठ उदाहरणं आकडे बदलून दे. सुधारणा अर्धवट असेल तर आणखी महिना थांब. आठ आठवड्यांनीही तीच अडत असतील तर महिना संपताना शिक्षक बदल. शिक्षक बदलताना भावाच्या मनाला लागेल असं काही बोलू नकोस.

वह्या बघून आठ उदाहरणं घातलीस की पहिल्या चारांपैकी किती आली ते कळव, म्हणजे कुठून सुरुवात करायची ते ठरवता येईल.