चिखल्याचा डोळा धूसर का येतो?

प्रश्न: गोव्यात मोरजीला चापोरा नदीच्या मुखाशी उथळ पाण्यात चरणाऱ्या चिखल्या (प्लोव्हर) पक्ष्यांचे फोटो ५०० मिमी लेन्सने काढतो. जवळ गेलो की थवा उडतो, लांबून काढले तर डोळा धूसर येतो. काय चुकतंय? (एक वाचक, पेडणे)

उत्तर: जवळ जायचंच नाही. भरती चढू लागली की पाण्याची कड वर सरकते आणि चरणारे पक्षी तिच्यासोबत पुढे येतात. त्यांच्या आधी कडेच्या वर पंधरावीस मीटरवर पालथे पडून राहा. लेन्स जुन्या परातीत वाळूच्या पिशवीवर ठेवा; परात ओल्या वाळूवर रुतत नाही, सरकवताही येते. कॅमेरा पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीला आला की मागचं पाणी आपोआप पुसट होतं.

चिखल्या धावतो, थांबतो, टिपतो. धावताना शटर १/२००० सेकंद तरी हवं; थांबला की १/१००० पुरतं. फोकस सतत चालणारा, बिंदू एकच, डोळ्यावर. तुतवार (सँडपायपर) पक्षी मात्र चोच सारखी खुपसत राहतो, तिथे मान वर येईल तेव्हाच सलग फ्रेम घ्या. शेकाट्या या लांब पायांच्या काळ्यापांढऱ्या पक्ष्याचा पांढरा रंग जळत (तपशील जाऊन कोरा पांढरा येत) असेल तर एक्स्पोजर, म्हणजे फोटोत येणारा उजेड, २/३ स्टॉपने उतरवा (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा).

धूसरपणाला बहुधा फोकस नव्हे, तापलेल्या वाळूवरची थरथरती हवा जबाबदार असते. तिला महागडी लेन्सही काही करू शकत नाही. म्हणून सकाळी लवकर जा. तेव्हा समुद्राकडे तोंड केलं की सूर्य पाठीशी असतो. संध्याकाळी उलट.

घरी आल्यावर लेन्सचं बाहेरचं अंग गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसा. काचेवर वाळू असेल तर आधी ब्लोअर (हवा मारायचा रबरी फुगा), मगच कापड.