सोयाबीन दाराशी, तेल मात्र महाग

प्रश्न : सगळा माळवा सोयाबीन पिकवतो, मग आम्हा इंदूरकरांना तेल स्वस्त का नाही? आणि पुऱ्या फार तेल पितात, काय करावं?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : ताई, सोयाबीनच्या दाण्यात तेल जेमतेम १८ ते २० टक्के, उरते ती बहुतेक पेंड. शिवाय देशाला लागणाऱ्या खाद्यतेलाचा निम्म्याहून जास्त भाग बाहेरून येतो. पामतेल इंडोनेशिया-मलेशियातून, सोयातेल मुख्यतः अर्जेंटिना-ब्राझीलमधून. त्यामुळे इथला भावही तिकडचे दर, डॉलर आणि आयातशुल्क यांवर हलतो. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या (शुद्ध न केलेल्या) खाद्यतेलांवरचं मूळ आयातशुल्क शून्यावरून २० टक्के झालं, मे २०२५ अखेर ते १० टक्क्यांवर आणलं. शुल्क चढलं की शेतकऱ्याला आधार, उतरलं की गृहिणीला. दोघांची गरज खरी आहे, म्हणूनच हा निर्णय कठीण.

आता पुऱ्या. दोन वाट्या कणकेला एक चमचा बारीक रवा, दोन चमचे तेल, मीठ. पाणी पाऊण वाटीच्या आसपास, तेही थोडं थोडं. कणीक घट्टच हवी. सैल कणकेतलं जास्तीचं पाणी वाफ होऊन जातं नि त्या जागी तेल शिरतं. भिजवल्यावर पंधरा मिनिटं झाकून ठेवा. लाटताना पिठी नको, ती कढईच्या तळाशी करपून तेल काळं करते; पोळपाटाला तेलाचं बोट पुरे. कणकेची गोळी टाकताच वर आली की तेल तापलं समजा. एका वेळी एकच पुरी सोडा, दोन-तीन टाकल्या की तेल निवतं आणि पुऱ्या तेलकट होतात.