आईची गोधडी मोठी कशी करू?

प्रश्न : आईने जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी चार फूट रुंद आहे. पलंगाला सहा फूट हवी. उसवावी लागेल का? (एक वाचक, दारव्हा)

उत्तर : नाही ताई, उसवू नका! आईचा टाका तसाच राहू द्या. दोन्ही बाजूंना फूट-फूटभर पट्टी जोडा; दुमडीसाठी चार बोटं जास्त कापा. नवं सुती कापड आधी धुवून आटवून घ्या. पट्टीत जुन्याइतकेच थर घाला. आतले थर काठाला नुसते भिडवायचे, वरचं-खालचं कापड मात्र दोन बोटं गोधडीवर चढवायचं. मग धावदोरा जुन्या भागात वीतभर आत न्या. आजीच्या वाकळीला बाबांच्या धोतराची पट्टी लावताना मी दोरा काठावरच थांबवला होता. पहिल्याच हिवाळ्यात जोड सुटला, फार जीव हळहळला.