ठेव मोडून पावडर रूम? आधी पाइपची लांबी मोजा

तुमचं पत्र दोनदा वाचलं. घरात एकच बाथरूम, तीही बेडरूममधून. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर तुमच्या आई त्याच खोलीत असतात आणि आलेला प्रत्येक पाहुणा त्यांच्या पलंगाला वळसा घालून आत जातो. म्हणून हॉलच्या कोपऱ्यात साडेतीन बाय साडेपाच फुटांची पावडर रूम करायची आहे. कमोड आणि बेसिन, बस. कोटेशन आलं पाच महिन्यांच्या घरखर्चाएवढं. तुमच्याकडे सहा महिन्यांच्या खर्चाइतकी मुदत ठेव आहे, सहलीसाठी वेगळा काढलेला एका महिन्याचा खर्च आहे आणि दरमहा घरखर्चाच्या एक तृतीयांश रक्कम शिल्लक पडते. ठेव मोडू, की 12 टक्क्यांनी तीन वर्षांचं कर्ज काढू, असं विचारलंय.

दोन्ही नको. पण खोली जरूर करा. आजारी माणसाला स्वतःच्या खोलीचं दार लावून निवांत पडता येणं, याला मी चैन म्हणणार नाही.

ठेव का मोडायची नाही, ते तुमच्याच पत्रात आहे. दुसऱ्या गुडघ्याची शस्त्रक्रिया वर्षभरात होऊ शकते, असं तुम्ही लिहिलंय. सहा महिन्यांच्या निधीतले पाच महिने भिंतीत गेले आणि नेमका तेव्हाच दवाखाना निघाला, तर हातात एक महिना उरतो. कर्जाचं गणितही करून पाहिलं. 12 टक्क्यांनी 36 हप्त्यांत 100 चे साधारण 119.60 फेडावे लागतात. तुमच्या हिशेबात जवळजवळ एका अख्ख्या महिन्याचा घरखर्च निव्वळ व्याजात जाईल, आणि दरमहा जी शिल्लक पडते तिच्यातलं निम्मं तीन वर्षं हप्त्यात अडकेल.

आता कोटेशनकडे वळू, कारण खरी बचत तिथेच आहे. 100 भाग धरले तर पाइप आणि फोडकामाला 27, कमोड-टाकी-बेसिनच्या जोडणीला 20, दार-वीज-लादीला 15 आणि सजावटीला 38 भाग लागलेत. माझी नजर 38 वर नाही, 27 वर अडकली.

हॉलचा कोपरा ड्रेनेजच्या उभ्या लाइनीपासून 14 फूट लांब आहे. कमोडचा पाइप 4 इंची असतो आणि त्याला 40 ला 1 असा उतार धरला, तर 14 फुटांत तो 4 इंचांहून जास्त खाली उतरतो. म्हणजे पाइपाची जाडी धरून जमिनीखाली 8 इंचांहून जास्त खोल जागा हवी. एक तर जमीन फोडा, नाही तर पावडर रूमची जमीन उचला आणि दारात पायरी करा. ज्यांच्या गुडघ्यांसाठी हे सगळं चाललंय, त्यांनाच ही खोली वापरायची झाली तर ती पायरी चढावी लागेल. कोटेशनमध्ये हे एका ओळीत ‘प्लंबिंग’ म्हणून उरकलंय.

बाथरूमच्या भिंतीला लागून पॅसेजमधलं कपाट ‘हॉलमधून छान दिसणार नाही’ म्हणून तुम्ही बाद केलंत. त्याचा पुन्हा विचार करा. तिथून लाइन 3 फुटांवर आहे आणि उतार इंचभराचा. रुंदी तीनच फूट मिळेल, पण कमोडच्या मध्यापासून दोन्ही भिंतींपर्यंत 15-15 इंच आणि पुढे निदान 21 इंच मोकळे मिळाले की काम होतं. दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं घ्या. जमिनीवर खडूने आखा, कमोडच्या जागी खुर्ची ठेवा आणि आईंना वॉकर घेऊन बसायला-उठायला सांगा. कुठल्याही थ्रीडी चित्रापेक्षा हे पाच मिनिटांत जास्त कळतं.

जागा बदलली की 27 चे 12 भाग व्हावेत, असा माझा अंदाज आहे. आकडा मात्र कंत्राटदाराकडून लेखी घ्या. सजावटीतले आत्ता 14 घ्या. एकूण 61, अडचणींसाठी वर 15 टक्के, म्हणजे 70. पाच महिन्यांचे साडेतीन झाले. सहलीचा एक महिना यात घाला (सहल पुढच्या वर्षी, आईही तेव्हा सोबत येतील), उरलेले अडीच महिने तुमच्या शिल्लकीतून आठ महिन्यांत जमतात. ठेव जागची हलत नाही.

त्या 14 मध्ये काय घ्यायचं? भिंतीत जाणारं सगळं आधी: एक्झॉस्ट फॅन, आरशाच्या दोन्ही बाजूंच्या दिव्यांचे पॉइंट. छतावरचा एकच दिवा चेहऱ्यावर सावल्या पाडतो, दोन्हीकडून आलेला उजेड पाडत नाही. आधाराच्या दांडीसाठी भिंतीत पक्कं बूड आत्ताच बसवून घ्या, नंतर टाइल्स फोडाव्या लागतात. ‘दांडीने खोली दवाखान्यासारखी दिसेल’ ही तुमची भीती समजते, पण नळाच्याच रंगाची दांडी घेतली तर ती टॉवेलची वाटते. आरसा मोठा घ्या. अरुंद जागेत त्याच्याइतका उपयोग कशाचाच नाही.

वॉलपेपरचा तुमचा हट्ट मला आवडला. इथे शॉवर नाही, वाफ नाही, त्यामुळे तो टिकतो. बेसिनमागे हातभर टाइल लावा म्हणजे शिंतोड्यांपासून वाचेल. पण तो नंतर, सवडीने. दगडी काउंटरला अख्खी फरशी कापायची गरज नाही. दोन फुटांच्या बेसिनला दगडवाल्याकडचा उरलेला तुकडा पुरतो. पितळी नळ हवेच असतील तर घ्या, रोज हात लागणारी वस्तू आहे. फॉल्स सीलिंग मात्र मी सरळ काढून टाकेन.

घर विकताना हा खर्च वसूल होईल, या कंत्राटदाराच्या वाक्यावर एकही आकडा उभा करू नका. आणि चालू झाल्यावर पाहुणे आले नाहीत तरी आठवड्यातून एकदा फ्लश करा, बेसिनमध्ये पाणी सोडा. ट्रॅपमधलं, म्हणजे वास अडवणाऱ्या वाकड्या पाइपमधलं पाणी सुकलं की वास थेट पॅसेजमध्ये येतो.

टोकन देण्याआधी कंत्राटदाराकडून दोन वेगळे कागद मागा: एकात भिंतीच्या आतलं काम, दुसऱ्यात बाहेरचं. पहिला कागद आला की मला पाठवा, सही मागाहून करा.