ऑपरेशनच्या टेबलावर अभंग चालतील का?

प्रश्न : आईचं (वय ७४) पुढच्या आठवड्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. भूल फक्त थेंबांची, म्हणजे ती पूर्ण जागी असणार. भीतीने तिचं बीपी वाढतं. त्या वेळी आवडीचे अभंग लावले तर चालेल का?

उत्तर : चालेल, आणि उपयोगही होतो. पण आधी डॉक्टरांना विचारा. थिएटरमध्ये काय न्यायचं ते तेच ठरवतात. लेन्स ज्या पिशवीत बसवतात, तिचा मागचा पापुद्रा मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही पातळ असतो. दचकून मान हलली तर तो फाटू शकतो. बीपी फार चढलं तर डोळ्यात रक्तस्रावाचा धोका वाढतो. म्हणून आईचं मन शांत राहायलाच हवं.

बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यावर साधारण अर्धा-पाऊण तास नुसतं बसून राहावं लागतं. भीती वाढते ती याच वेळात. गाणी तेव्हाच सुरू करा, टेबलावर नेईपर्यंत थांबू नका.

अमुक रागाने बीपी उतरतं, अशा याद्या सोडून द्या. आईला आवडतं तेच लावा, फक्त लय संथ हवी, मिनिटाला ६० ते ८० ठोके. पखवाज चढत जाणारा गजर नको. पाय ठेका धरतात आणि डोकंही हलतं. डोळे भरून येतील असं गाणं नको. सोबत गुणगुणायचं नाही, हे घरीच सांगा, कारण जबड्याबरोबर डोकं हलतं.

दोन्ही कान झाकणारा हेडफोन मात्र नकोच. ऑपरेशन चालू असताना डॉक्टर ‘दिव्याकडे बघा’, ‘खाली बघा’ असं सांगत असतात. ते ऐकू आलं नाही तर डोळा भलतीकडे वळतो. शिवाय हेडफोनच्या पट्ट्यामुळे डोकं उशीत नीट बसत नाही. खोलीतला लहान स्पीकर उत्तम. आवाज इतकाच ठेवा, की नेहमीच्या पट्टीतलं बोलणं स्पष्ट कळेल. तासाभराची गाणी आधीच डाउनलोड करा आणि फोन फ्लाइट मोडवर ठेवा. मध्येच जाहिरात किंवा रिंग वाजली, तर शांत झालेला पेशंटही दचकतो.

नुसत्या गाण्यांवर विसंबू नका. तोंडावर कापड येईल, उजेड आणि रंग हलताना दिसतील, गार पाणी वाहिल्यासारखं वाटेल, मशीनचे आवाज येतील, हे आईला आधीच सांगा. गुंतागुंत नसेल तर बहुधा १५-२० मिनिटांत काम होतं. खोकला आला किंवा दुखलं, तर हात न उचलता, मान न हलवता तोंडाने सांगायचं. डॉक्टर थांबतात, गरज पडली तर भूल वाढवतात. बीपीची रोजची गोळी त्या दिवशी घ्यायची का, हेही विचारून घ्या.

प्रश्न : वडिलांना श्रवणयंत्राशिवाय ऐकू येत नाही. त्यांनाही गाणी लावावीत का?

उत्तर : थेंब घालून बसवतात तेव्हा जरूर लावा. टेबलावर मात्र डॉक्टरांचं बोलणं कळणं महत्त्वाचं, तिथे गाणी बंद असलेली बरी. ऑपरेशनच्या बाजूचं यंत्र काढावं, त्या कानाकडे पाणी ओघळतं. दुसऱ्या कानातलं राहू देता येईल का, ते विचारा. नाहीतर हातावर एकदा दाबलं की ‘खाली बघा’, दोनदा दाबलं की ‘समोर बघा’, अशा खुणा नर्सबरोबर आदल्या दिवशी ठरवून ठेवा.