वाचकांचे प्रश्न : रंग, क्रीम आणि मुलींचं मन

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. वर्गात तिला ‘डांबर’ म्हणतात, गॅदरिंगच्या नाचात मागच्या रांगेत ढकललं. सहा महिन्यांपासून ती मामेबहिणीने दिलेली मेडिकलमधली एक ट्यूब लावते. आधी उजळली, आता चेहरा लाल होतो, उन्हात आग होते. फोटोत यायला नकार देते. काय करू? – एक आई, सिडको, नाशिक

उत्तर : आधी ट्यूब बघू, मन नंतर.

ट्यूबच्या मागची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी काही दिसलं तर ते स्टिरॉइड. बऱ्याचदा त्यात हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइनही मिसळलेलं असतं. स्टिरॉइडने त्वचेखालच्या रक्तवाहिन्या आक्रसतात, रंगद्रव्य कमी तयार होतं, म्हणून पहिल्या काही आठवड्यांत चेहरा उजळतो. पुढे त्वचा पातळ होते, लाल रेषा दिसू लागतात, मुरमं येतात, गालांवर लव वाढते. ट्यूब बंद केली की लाली उसळते आणि मुलगी घाबरून पुन्हा तीच लावते. त्यामुळे ती मनाने एकदम बंद करू नका आणि फेकूनही देऊ नका. ट्यूब घेऊनच त्वचारोगतज्ज्ञाकडे जा, याच आठवड्यात. तोपर्यंत लिंबू, हळद, स्क्रब काही नको. साधं मॉइश्चरायझर लावा आणि बाहेर पडताना छत्री किंवा स्कार्फ घ्या. अशी अनेक मलमं २०१८ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळायला हवीत, तरी काउंटरवर सर्रास विकली जातात. घटकांची यादीच नसलेली डबी तर घरात आणू नका. अशा क्रीममध्ये पारा सापडतो आणि तो मूत्रपिंडं बिघडवतो.

तिच्या दंडाची आतली बाजू बघा. तिचा मूळ रंग तो. उन्हाने आलेला काळपटपणा काही महिन्यांत कमी होतो, मूळ रंग कुठलंही क्रीम कायमचा बदलत नाही.

आता मनाचं. केनेथ आणि मेमी क्लार्क या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९४०च्या सुमारास तीन ते सात वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांपुढे रंग सोडून सगळ्या सारख्या बाहुल्या ठेवल्या. बहुतेकांनी गोरी बाहुली चांगली ठरवली. शाळांतला वर्णभेद बेकायदा ठरवणाऱ्या १९५४च्या निकालात या कामाचा उल्लेख आहे. तिथला इतिहास वेगळा, आपला वेगळा, पण वय लक्षात घ्या. गोरं तेच चांगलं, हे तुमची लेक नववीत नाही, त्याच्या कितीतरी आधी शिकली आहे. म्हणून ‘तू छानच दिसतेस’ एवढ्याने भागत नाही. ‘आपला काळाराम नाही का काळा?’ ही नाशकातली हुकमी समजूतही घालू नका. देवाला चालणारा रंग स्थळ बघताना चालत नाही, हे मुलींनी घरातच ऐकलेलं असतं.

त्यापेक्षा आठवडाभर घरातली वाक्यं टिपा. ‘उन्हात जाऊ नको, काळी पडशील.’ ‘रंगाने डावी, पण नाकीडोळी नीटस.’ ती बंद करा, आजीचीसुद्धा. लग्नात कोणी बोललंच तर तिच्यादेखत उत्तर द्या : ‘मावशी, तिच्या रंगावर बोलायचं नाही. कबड्डीचं विचारा.’ मागाहून खोलीत नेऊन काढलेली समजूत फारशी उपयोगी पडत नाही, कारण अपमान चारचौघांत झालेला असतो.

शाळेला तोंडी सांगू नका. तारीख, कोण, नेमके शब्द असं एका पानावर लिहून मुख्याध्यापकांना द्या, पोच घ्या. विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत असलेल्या सखी सावित्री समितीकडेही प्रत द्या. मागणी नेमकी हवी : नाचाच्या रांगा उंचीने किंवा चिठ्ठ्या टाकून लावा. चिडवणाऱ्यांना वर्गापुढे उभं करायला लावू नका, त्याने टोपणनाव आणखी पक्कं होतं.

ती शाळा टाळू लागली, जेवण तुटलं, हातावर कापल्याच्या खुणा दिसल्या किंवा मरणाची भाषा आली, तर वाट बघू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे.

प्रश्न : गॅदरिंगला आम्हाला गोरा मेकअप करतात, चेहरा राखाडी दिसतो. नाही म्हणू का? – दहावीतली वाचक, नाशिकरोड

उत्तर : म्हण. सोबत पर्याय सांग, म्हणजे बाई ऐकतील. फाउंडेशनची शेड मनगटावर बघायची नाही. जबड्याच्या कडेला तीन शेडचे पट्टे ओढ आणि खिडकीपाशी उजेडात बघ. जो पट्टा दिसेनासा होतो, ती तुझी शेड. ट्यूबलाइटखाली निवडलीस तर हमखास फसशील.